वीणेला पाय नसतात

आमच्या आळीत एके काळी वीणा नावाच्या चार मुली होत्या आणि चौघींपैकी एकीलाही गाता येत नव्हतं. त्यातली एक तर अशी की, तिनं आरतीत तोंड उघडलं की गणपतीसुद्धा दोन्ही सुपांएवढे कान मिटून घेत असावा. यात मुलींचा काही दोष नाही. बारशाला बाळ नुसतं रडत असतं. ते काळी दोनमध्ये रडतंय की पांढरी चारमध्ये, हे बघून आत्याबाई नाव ठेवत नाहीत. नाव आधी चिकटतं. गुण मागाहून यायचे, आले तर.

आमच्या बारामतीत मोरोपंतांनी मात्र या बाबतीत मोठा शहाणपणा केला. नाव मोरोपंत, स्वतःला म्हणवीत मयूर, आणि काव्याला नाव दिलं 'केकावली'. केका म्हणजे मोराचं ओरडणं. आपण मोर आहोत, तर आपण ओरडणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. पंत १७९४ साली गेले. पुढं कवींची संख्या वाढली, पण इतका प्रामाणिकपणा मला तरी फारसा कुठं आढळला नाही.

साहेबाच्या देशात वीणेला 'लायर' म्हणतात. म्हणजे हुबेहूब आपली वीणा नव्हे. दोन शिंगांसारखे बाहू, वर एक आडवी दांडी आणि त्यातून ताणलेल्या तारा. पण समुद्रगुप्ताच्या ज्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसलाय, त्या नाण्याच्या प्रकाराला इंग्रज पंडितांनी या लायरवरूनच नाव दिलं. गंमत म्हणजे राजाच्या मांडीवरची ती वीणाही आजच्या वीणेसारखी नाही, धनुष्यासारखी वाकडी आहे. वाद्यं बदलत गेली, नाव तेच राहिलं. या लायरवरून तिकडं गीताला 'लिरिक' म्हणतात. ऑस्ट्रेलियात एका पक्ष्याची शेपटी तशी दिसते म्हणून त्याला 'लायरबर्ड' म्हणतात. तो पक्षी दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात पटाईत आणि त्यांनी त्याला थेट दहा सेंटच्या नाण्यावर बसवलाय. इटलीचा जुना पैसा 'लिरा' मात्र वीणेतून आलेला नाही, तराजूतून आला. पैशाचं मूळ संगीतात निघालं असतं तरच आश्चर्य!

आणखी एक घोटाळा आहे. 'लायर' म्हणजे वीणा आणि 'लायर' म्हणजे खोटं बोलणारा. साहेब निदान स्पेलिंग तरी वेगळं करतो, आपण देवनागरीत लिहिलं की दोघं एकच. वकील तेवढा एका चंद्रकोरीनं वाचतो. माझा एक दिवाणी दावा चालू असल्यामुळे या तीन शब्दांचा मी बऱ्यापैकी अभ्यास केलेला आहे.

ग्रीकांची गोष्ट तर थेट आमच्या तालुक्यात शोभावी अशी. हर्मिस नावाचा देव जन्मला त्याच दिवशी पाळण्यातून उतरला. दारात कासव दिसलं, ते मारून त्याच्या पाठीला तारा लावल्या आणि पहिली लायर केली. (आपल्या सरस्वतीच्या वीणेचं नावही 'कच्छपी'. म्हणजे कासव इथंही आहेच.) संध्याकाळी या बाळानं अपोलोच्या पन्नास गाई पळवल्या. अपोलो चिडला, भांडण थोरल्या देवाकडं गेलं. शेवटी हर्मिसनं ती लायर वाजवून दाखवली, अपोलो विरघळला, वाद्य घेतलं, गाई सोडल्या. फिर्याद निकाली. पुढं अपोलो संगीताचा देव म्हणून प्रसिद्ध झाला, पण त्याच्या हातातलं वाद्य म्हणजे चोरीच्या तडजोडीत आलेला माल, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाई चोरणाऱ्याच्या हातात वीणा असेल, तर नमस्कार करावा की न करावा?

आमच्याकडं हा प्रश्न पुस्तकी नाही. देहूहून तुकोबांची पालखी निघते, ती तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली, आणि तिची वाट बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. त्या रिंगणात पताकावाले धावतात, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया धावतात आणि गळ्यात वीणा अडकवलेले विणेकरीही धावतात. एरवी जी माणसं कोपऱ्यावरून दूध आणायला नकार देतात, ती तिथं चिखलातून पळताना मी पाहिलेली आहेत.

दिंडीत मान विणेकऱ्याचा. वास्तविक वारकऱ्यांच्या वीणेवर कुणी गत-तोडा वाजवत नाही. चार तारा छेडत राहायच्या, त्या सुरावर बाकीचे अभंग म्हणतात. म्हणजे कौशल्य म्हणाल तर बेताचं. पण वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पायावर लहानथोर डोकं ठेवणार. गावात सप्ताह बसला की ती सात दिवस, रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. खाली ठेवायची नाही. पहारे लावलेले असतात. एकानं उतरवायची, दुसऱ्यानं घ्यायची, आणि देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. खेड्यात 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे पहाऱ्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: 'विना – रात्री १२ ते २'. शहरातला माणूस विचारतो, कशाविना?

आमची वडिलोपार्जित जमीन इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर. शेजारी जे गृहस्थ आहेत त्यांना बांध कोरायचा छंद आहे. छंदच म्हणायचा, कारण त्यांची स्वतःची जमीन भरपूर. दर नांगरटीला एक तास आमच्या बाजूला. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले. पुढच्या वर्षी दगड चालायला लागले. आतापर्यंत तीन गुंठे गेले. पंढरीची वारी करणारे दगड मी ऐकले होते, पण हे फक्त आमच्याच शेतात येतात.

दोन वर्षांपूर्वी सप्ताहाच्या फळ्यावर पाहिलं, तर रात्री बारा ते दोन पहारा या गृहस्थांचा आणि दोन ते चार माझा. म्हणजे वीणा घ्यायची ती त्यांच्याच गळ्यातून.

मी तात्यांना, म्हणजे चुलत्यांना म्हटलं, "तात्या, पहारा बदलून द्या. त्या माणसाच्या पाया मी पडणार नाही."

"त्याच्या कुठं पडतुयास? ईनंच्या पडायचं."

"मग वीणेला हात जोडतो की. पायांकडं कशाला वाकायचं?"

"आरं येड्या," तात्या म्हणाले, "ईनंला पाय हाईत का? तिनं त्याचंच उसनं घेतल्यात."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं. उसने पाय घ्यायचे तर चांगल्या माणसाचे घ्यावेत. गावात काय दुष्काळ आहे? दिवसा बांध कोरायचा आणि रात्री वीणा गळ्यात घालून पाया पडून घ्यायचं, म्हणजे त्या वीणेनं चोराला संत करण्यासारखंच झालं. हर्मिसचं तसंच झालं नव्हतं का? बायकोचं म्हणणं पडलं, "अहो, चांगली माणसं वेचून पहारे लावायचे म्हटले तर सात दिवस वीणा तुमच्याच गळ्यात राहील. झेपेल?" हे कौतुक होतं की टोमणा, ते मी मुद्दामच विचारलं नाही.

पण त्यात तथ्य होतं. विणेकऱ्याला प्रशस्तिपत्रक लागायला लागलं, तर ते देणार कोण? एक समिती नेमावी लागेल. समितीवर कोण येईल, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

शिवाय कीर्तनकारांनी त्याच सप्ताहात भोपळ्याचा दृष्टांत लावला होता. तंबोऱ्याचा आणि सतारीचा भोपळा भाजीचा नव्हे, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं भीमेकाठी पिकतो, तिथून मिरजेच्या कारागिरांकडं जातो. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कडू असून एवढी बढती माणसाला मिळत नाही.) वाळवायचा, कापायचा, आतला गीर खरवडून काढायचा, मग तो घुमतो. बुवांनी यावर अर्धा तास काढला. आमचे शेजारी पुढच्याच रांगेत डोळे मिटून डोलत होते. गीर जागच्या जागी होता.

रात्री दोनला मी मंडपात गेलो. ते उभे होते. मागं चार म्हातारे बसल्या जागी पेंगत होते. त्यांनी वीणा उतरवली, माझ्या गळ्यात घातली आणि मी काही ठरवायच्या आत खाली वाकले. माझ्या पायावर त्यांचं कपाळ टेकलं. हा भाग मी हिशेबात धरलाच नव्हता! आपण वाकायचं की नाही याचा मी चार दिवस खल केला. ते वाकतील तेव्हा आपण काय करायचं, याचा एक मिनिटही नाही. मग मीही वाकलो. वीणा सांभाळत वाकणं अवघड असतं, त्यामुळे त्या वेळी मनात काय भाव होता ते सांगता येणार नाही. भोपळा आपटू नये, एवढाच असावा.

चार वाजले. पुढच्या पहाऱ्याचा गडी आला नाही. सव्वाचार झाले. वयोमानानुसार मला बाहेर जाऊन येणं अत्यंत निकडीचं झालं. वीणा खाली ठेवता येत नाही. म्हातारे घोरत होते. खांबाला टेकून जागा होता तो एकच माणूस. मी नुसतं बघितलं. ते उठले, काही न बोलता वीणा घेतली. पुन्हा नमस्कार, दोन्ही बाजूंनी. मी दहा मिनिटांनी आलो, परत घेतली, पुन्हा तेच. एका रात्रीत सहा नमस्कार झाले.

"जावा तुमी आता," मी म्हटलं. एरवी आम्ही एकमेकांना एकेरीत बोलतो, तेही वकिलामार्फत.

"ऱ्हाऊ द्या. गडी येस्तवर थांबतो," ते म्हणाले.

बांध आहे तिथंच आहे. म्हणजे पूर्वी होता तिथं नाही, आता आहे तिथं. तीन गुंठ्यांचे सव्वातीन झाले नाहीत, पण अडीचही झालेले नाहीत. तात्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "ईना काय तलाठी हाय व्हय?"

पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख होती. व्हरांड्यात आम्ही समोरासमोर आलो. दोघांच्याही गळ्यात काही नव्हतं. ते बाजूला सरकले, मीही सरकलो, आणि दोघंही एकाच बाजूला सरकल्यामुळे वाट काही झाली नाही. तेवढ्यात पुकारा झाला. दोन्ही वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली.