‘मी केला’

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता मिटत्या चाकूचे सुटे भाग टपालाने मागविता येतात. पाते, पाठीची कमान, मुठीच्या दोन फळ्या आणि तीन खिळे असे स्वल्पमोली सामान जोडून मी एका सायंकाळी चाकू सिद्ध केला. ‘हा मी केला’ असे म्हणण्यास जीभ उत्सुक झाली. परंतु मन अडखळले. पाते घडविले एकाने, त्यास पाणी दिले दुसऱ्याने. मग माझे त्यात काय?

चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, असे नागसेनाने मिलिंद राजास विचारले होते. रथ हे जुळणीस दिलेले नाव होय. त्या न्यायाने चाकूतील जुळणी तेवढी माझी.

पण ती क्षुल्लक नव्हे. पात्याच्या बुडाशी असलेला खिळा अधिक ठोकला तर पाते उघडत नाही. कमी ठोकला तर डुलते. या चाकूस खटका नाही. पाते उघडे राहते ते केवळ कमानीच्या दाबावर. तो अपुरा असेल तर पाते बोटावर मिटते.

शेजारच्या मुलाने पेन्सिलीस टोक करावयास चाकू मागितला, तेव्हा माझा हात आखडला. पाते किंचित डुलत होते. त्याचे बोट कापले असते, तर पाते घडविणाऱ्याकडे बोट दाखविणे मला शोभले नसते. खिळा उपसून पुन्हा बसविला, मगच चाकू दिला.

श्रेयाचे वाटेकरी अनेक असतात; जुळणीच्या दोषाचा धनी मात्र जुळविणारा एकटाच. जो जामीन राहण्यास सिद्ध असेल, त्यानेच ‘मी केला’ म्हणावे.