कच्चे हाड

उन्हाळ्याच्या तोंडी वाशीकडच्या बाजारात माठ घेणारी बाई कुंभारापुढे उकिडवी बसते, माठाला बोटाच्या पेराने टिचकी मारते, आणि नाद खणखणीत आला तर माठ घेते, बद्द वाजला तर निमूट खाली ठेवते. याच आमच्या धाराशिव जिल्ह्यात, तेर येथे, गोरोबाकाकांनी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणे मारून नामदेवांना कच्चे ठरविले, ही कथा त्या बाईला लहानपणापासून ठाऊक असते. मस्तकाच्या कच्चेपणाची तीच कथा अलीकडे माझ्या मनात एका निराळ्या कारणाने घोळत आहे.

कानाभोवतीच्या हाडाला, ज्यास शंखास्थी म्हणतात, क्वचित एक व्याधी जडते. लिश्टेनस्टाइन यांनी 1938 साली तिला फायब्रस डिस्प्लेशिया हे नाव दिले. तीत परिपक्व अस्थीची जागा तंतुमय ऊती आणि अर्धवट घडलेली अस्थी घेते. हाड फुगते, परंतु पिकत नाही. कानामागे न दुखणारा टणक उंचवटा येतो, कर्णमार्ग वर्षानुवर्षे अरुंद होत जातो, त्या बाजूचे ऐकणे मंदावते, आणि सीटी स्कॅनमध्ये ते हाड घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते. हा कर्करोग नव्हे, आणि त्यात तिचे रूपांतर होणे अत्यंत विरळ. पौगंडावस्था सरताना वाढही बहुधा मंदावते. सुश्रुतांनी कानाच्या पाठीमागे, खालच्या अंगास, विधुर नावाचे मर्म सांगितले असून त्यावर आघात झाल्यास बधिरता येते असे नोंदविले आहे. येथे मात्र बधिरता आहे आणि आघात करणारा कोणीच नाही.

प्रश्न उभा राहतो तो येथेच. आपल्या घरांत आघाताशिवाय व्यंग संभवत नाही, अशी समजूत खोल रुजलेली आहे. मुलाच्या कानाजवळ काही विपरीत दिसले, की गर्भारपणात ग्रहण नीट पाळले नसेल, त्या वेळी हिने काही चिरले असेल, ही चौकशी सुरू होते, आणि त्या चौकशीत आरोपी एकच असते, ती म्हणजे आई. काही ठिकाणी पिढ्यांची खाती उकरली जातात. परंतु या व्याधीची वारसनोंद कोणत्याच दफ्तरात सापडणार नाही. गर्भ राहिल्यानंतर, पेशी विभागत असता, एखाद्याच पेशीतील जीएनएएस नावाच्या जनुकात फेरफार होतो, ही गोष्ट 1991 साली या व्याधीच्या अधिक व्यापक रूपात प्रथम उघडकीस आली. थांबावयास हवा तो वाढीचा संदेश थांबतच नाही, आणि अस्थिपेशी पिकण्याआधीच वाढत राहतात. हा फेरफार मातेच्या बीजात नव्हता, पित्याच्या नव्हता, आणि चंद्रसूर्यांच्या ग्रासाशी त्याचा संबंध नाही.

मग प्रारब्ध? या शब्दाचा मी अनादर करीत नाही. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरील वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या आक्षेपाचा विचार केला असून, ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवूनच सृष्टी करतो व संसाराला आदी नाही, असे त्याचे उत्तर दिले आहे. ते उत्तर पटो वा न पटो, त्याचे स्वरूप नीट पाहावे: ती ईश्वराच्या बाजूने दिलेली कैफियत आहे. आपण मात्र तिचीच नक्कल करून आजारी लेकराच्या आईवर फिर्याद दाखल करतो. ज्या हिशेबाला पहिले पानच नाही, तो वाचण्याचा अधिकार शेजाऱ्याला, सासूला किंवा प्रवचनकाराला कोणी दिला?

येडेश्वरीला नवस बोलणाऱ्या आईबद्दल मला काही म्हणावयाचे नाही; तिचा जीव कोठे तरी टेकावयास हवा. एवढेच वाटते, की अपराध शोधण्यात जे दिवस जातात ते श्रवणतपासणीला मिळावेत, कारण अरुंद कर्णमार्गामागे त्वचेचे थर साचून कोलेस्टिएटोमा झाला, तर तो भोवतालचे हाड कुरतडू लागतो आणि शस्त्रक्रिया टळत नाही. एरवी पुष्कळदा नियमित लक्ष ठेवणे पुरते. किरणोपचार मात्र येथे वर्ज्य मानतात, कारण त्याने ही सौम्य व्याधी मारक होण्याचा धोका वाढतो.

गोरोबाकाकांची दुसरी कथा याहून दारुण आहे. भजनात देहभान हरपलेल्या पायांखाली, चिखल तुडविताना, रांगते लेकरू सापडले. तेथे त्या मातेच्या आक्रोशाला समोर एक माणूस होता. संतापावयाला, शपथ घालावयाला तिचा नवरा होता. कच्च्या हाडाच्या मुलाच्या आईसमोर कोणीही नसते, म्हणून तिचा संताप उलटून तिच्याच अंगावर येतो, आणि आपण भोवतालचे लोक त्याला पुस्ती जोडतो.

नामदेव कच्चे ठरले तेव्हा रुसून पंढरीस गेले, आणि विठ्ठलाने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडले. त्या साऱ्या कथेत नामदेवांच्या आईला, गोणाईला, जाब कोणीच विचारला नाही.