जर-तरचा डाव

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. रविवारची दुपार होती. आमच्या ओसरीवर आम्ही पाच जण बसलो होतो आणि मधोमध सतरंजीवर फासे पडले होते. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ दारावरून जाताना थबकले, आत डोकावले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही लेकरांना शिकवणारे माणूस. तुमच्या घरात फासे?"

मी हसून म्हटले, "काका, पैसे लावून नाही खेळत."

"पैसे नसतील," ते म्हणाले, "पण धर्मराज तरी सगळं घालवायचं म्हणून थोडाच बसला होता?" आणि काठी टेकीत ते पुढे गेले.

त्यांचे बोलणे मी हसण्यावारी नेले खरे, पण ते मनातून जाईना. जे कधी घडले नाही, ज्यातली माणसे नुसती कागदावरची आहेत, अशा खेळात जाणत्या माणसाने आयुष्यातले रविवार घालवावेत काय? आणि त्या कागदी माणसांच्या हातून जे बरेवाईट घडते, त्याचे आपल्याशी काही देणेघेणे असते काय?

आधी खेळ कसा असतो ते सांगतो. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचे बळ, कसब, अब्रू हे सारे एका कागदावर आकड्यांत मांडलेले असते. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र आहे, पाऊस लागला आहे, पुलावर पहारा आहे, आता तुम्ही काय करता? खेळणारा आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो. जे सहज होण्यासारखे असेल ते होते. जिथे संशय असेल तिथे दहा पैलूंचे फासे टाकायचे. फासे कौल देतात आणि गोष्ट पुढे सरकते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकेक डाव वर्षानुवर्षे चालतो.

या खेळाचे मूळ मोठे मजेदार आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना लढाईचे शिक्षण देण्यासाठी राइसवित्झ नावाच्या एका लेफ्टनंटाने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच यांचा एक खेळ सिद्ध केला होता. त्याच कुळातून पुढे अमेरिकेत १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, आणि सबंध सेनेऐवजी एकेका माणसाचे नशीब खेळणाऱ्याच्या हाती आले. जपानच्या सामुराईंवरही असे खेळ निघाले. १९७९ चा 'बुशिदो' त्यांतलाच. आमचा डाव सामुराईंचाच आहे, पण त्यातले पुष्कळसे पदरचे आहे.

सूत्रधार मी. खेळणारे चौघे : एसटीतले एक वाहक, एक औषधविक्रेते, बियाण्यांच्या कंपनीतले एक हिशेबनीस आणि आमच्या शाळेतल्या एक तरुण शिक्षिका. महिन्यातले दोन रविवार यासाठी राखलेले. एरवी मी उत्तरपत्रिका तपासतो, टँकरच्या पाण्यासाठी पिंपे लावतो, अर्धवट राहिलेल्या कादंबरीची पाने उलटीपालटी करतो. आणि हे करता करता ओसाकाच्या किल्ल्यात कोण कोणाला फितूर झाले असेल याचाही विचार करीत असतो. घरचे म्हणतात, तुम्ही निम्मे जालन्यात आणि निम्मे जपानात. त्यात फारसे खोटे नाही.

आमच्या डावातला 'जर' असा. २१ ऑक्टोबर १६०० रोजी जपानात सेकिगाहारा येथे तोकुगावा इएयासू आणि इशिदा मित्सुनारी यांच्या फौजा भिडल्या. इशिदाच्या बाजूचा म्हणवणारा कोबायाकावा हिदेआकी हा एकोणीस वर्षांचा सरदार सुमारे १५,००० माणसे घेऊन शेजारच्या डोंगरावर बसून राहिला होता. अखेर तो डोंगर उतरला आणि आपल्याच पक्षावर तुटून पडला. इएयासू जिंकला, १६०३ मध्ये शोगुन झाला आणि त्याच्या घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षे राज्य केले. आमच्या डावात हिदेआकी फितूर होत नाही. इशिदा जिंकतो. तिथून पुढचा इतिहास आम्ही पाच जण तीन वर्षे ओसरीवर बसून लिहितो आहोत.

जर-तरचे हे वेड आपल्याला नवे नाही. आमच्या जिल्ह्याला तर ते मातीतूनच मिळालेले आहे. उदगीरच्या विजयानंतर मराठ्यांची छावणी परतूरला पडली होती. उत्तरेत भाऊसाहेबांना पाठवायचे हे तिथे ठरले आणि मार्च १७६० मध्ये तिथूनच ते निघाले, ते पानिपताकडे. रघुनाथरावांना पाठवले असते तर? विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ती गोळी चुकवून दाखवली आणि एक सबंध निराळा हिंदुस्थान उभा केला. ती कथा वाचताना मराठी माणसाच्या जुन्या दुखण्यावर फुंकर बसते. पण त्या फुंकरीची मला थोडी भीतीही वाटते. गेलेली लढाई मनात जिंकून घेतली की आजची लढाई टाळायला माणूस मोकळा होतो. जर-तर म्हणजे नुसते सांत्वन असेल, तर शेजारच्या काकांचे म्हणणे खरे मानून मी फासे उचलून ठेवावेत हेच बरे.

परंतु गेल्या मार्गशीर्षात असे काही घडले, की मला निराळा विचार करावा लागला. त्या दिवशी डावात धन्याचा हुकूम आला : डोंगरातल्या एका गावाने शत्रूच्या पळालेल्या माणसांना आसरा दिला आहे, गावाचे धान्याचे कोठार जाळून टाका. हिवाळा तोंडावर. शिक्षिकेच्या पात्राने घोडा वळवला आणि ते निघून गेले. वाहकाचे पात्र मात्र पंधरा वर्षे त्या घराण्यात चाकरी केलेले. ते म्हणाले, "हुकूम तो हुकूम. खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे." फासा टाकायचीही गरज नव्हती, कोठार जाळायला कसब लागत नाही. मी एवढेच सांगितले, की जळत्या कोठारासमोर एक म्हातारी सुपात ओंजळभर तांदूळ घेऊन उभी आहे.

रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. "सर, ती म्हातारी हिवाळ्यात जगेल का हो?"

मी म्हटले, "अहो, ती कागदावरची आहे."

"तसं नाही सर," ते म्हणाले. "उन्हाळ्यात एक म्हातारी हात जोडत होती, मला माझ्या फाट्यावर उतरवा म्हणून. जलद गाडी, तिथं थांबा नाही. मी घंटी दिली नाही. पुढच्या थांब्यावर उतरली आणि भर उन्हात मागं चालत निघाली. नियम होता सर. पण आज कोठार जाळल्यावर मला तीच दिसायली."

त्यांना मी चार समजुतीचे शब्द सांगितले. फोन ठेवला आणि माझी झोप गेली. कारण ज्या मिठाचे त्यांना वाईट वाटत होते, तेच मीठ मी महिन्याभरापूर्वी खाल्ले होते.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक आला आणि उचल घेतलेल्या आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली. धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला कोणीतरी हवे होते. मागे राहणाऱ्या अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. पण मुले जाण्याच्या आत त्यांची यादी वर जावी लागते. यादी करायची म्हणजे मुले जातात हे कबूल करायचे. वरिष्ठ मला म्हणाले, "मुलं नाहीत असं कागदावर आलं की पट घटेल, पट घटला की संचमान्यतेत एक शिक्षक कमी होईल. हजेरी लावा. दुसरा मार्ग नाही." कमी होणारा शिक्षक कोण, हे मला ठाऊक होते. जी शिक्षिका माझ्या ओसरीवर खेळायला येत होती, तीच सर्वांत कनिष्ठ. मी मान हलवली. पाच महिने त्या मुलीची हजेरी लागत राहिली.

पाडव्याच्या सुमारास ती परत आली. एके दिवशी तिने हजेरीपट माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि अगदी साधेपणाने विचारले, "सर, मी नव्हते तरी मी होते का?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी म्हटले, "जा, जागेवर बस." याहून वाईट उत्तर मी माझ्या नोकरीत दिलेले नाही.

भाद्रपदात आम्ही पाचही जण असई पाहायला गेलो. चौघांचा आग्रह होता, की आता डाव आपल्या मातीत मांडावा. जाफराबाद-भोकरदनच्या त्या मुलखात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. केळणा नदी, कपाशी आणि मका. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नाही. शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि शत्रूची रांग पुढे जाताच उठून त्यांनी तोफा पाठमोऱ्या शत्रूवर फिरवल्या. शिंदे आणि भोसले मात्र तोवर रण सोडून गेले होते. मिठाला जागण्याची ही कथा ऐकताना वाहक नदीकडे पाहत गप्प उभे होते.

पण मला बोचली ती दुसरीच गोष्ट. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितले होते, की पुढे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर. त्याने ताडले, की इतकी जवळ वसलेली माणसे एकमेकांकडे जातयेत असणारच; म्हणजे उतार आहे. उतार होता. त्याचे सैन्य पार झाले. त्याचीही दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जायबंदी झाली आणि आपल्या ९८ तोफा गेल्या. शत्रूची ती हुशारी आपल्याला महागात पडली. तरी शिकण्यासारखी आहे. वाटाड्यांनी नदीकडे पाहिले. त्याने माणसांकडे पाहिले.

काठावरच्या बाभळीखाली मी चौघांना हजेरीची हकीकत सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शिक्षिका म्हणाल्या, "सर, माझी नोकरी वाचवलीत ना? मग मला का नाही विचारलंत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कादंबरी लिहिताना मी पात्रांना विचारीत नाही. त्यांनी काय करायचे ते मी ठरवतो, आणि त्याची सवय लागते. या खेळात मात्र सूत्रधाराला ती मुभा नाही. त्याने प्रसंग मांडावा आणि थांबून विचारावे : आता तुम्ही काय करता? तीन वर्षे हा प्रश्न मी कागदी सामुराईंना हजार वेळा विचारला. त्या मुलीला, तिच्या बापाला, या शिक्षिकेला एकदाही विचारला नाही. दुसरा मार्ग नाही, हे मी न पाहताच मान्य केले.

म्हणून मला वाटते, की जर-तरचा विचार गेलेले परत आणण्यासाठी नसतो. घडले ते घडणारच होते असे म्हणून आपण हात झटकतो. त्या सवयीवरचा तो उतारा आहे. हिदेआकीला डोंगरावर बसून काय करायचे ते ठरवता येत होते. हजेरीपट पुढ्यात घेऊन बसलेल्या मास्तरालाही येत होते. खेळ माणसाला शहाणा करीलच असे नाही. कागदावर घोडा वळवायला काही पडत नाही, आणि तिथल्या पुण्याला मी पुण्य म्हणणार नाही. पण कागदावरचे पाप ज्याला झोपू देत नाही, त्याने ते पाप दिवसाच्या उजेडात कुठे केले आहे हे शोधावे.

या आश्विनात, ट्रक येण्यापूर्वी, मी त्या मुलीच्या बापाला विचारले. तो म्हणाला, "आजी हाय घरी, पर तिला दिसत न्हाई. पोरीला कुणी बघणारं असंल तर ठेवतो की सर. गेल्या साली कुणी इचारलंच न्हाई." मुलीलाही विचारले. तिने आधी धाकट्या भावाची सोय काय ते विचारले, मगच हो म्हणाली. भावाला यंदा मामी ठेवून घेणार आहे. शिक्षिका आणि मी मिळून यादी केली. तेवीस नावे निघाली. यादी वर गेली आहे. वरिष्ठांचा माझ्यावर राग आहे. वसतिगृह वेळेवर उघडेल की नाही, शिक्षिकेची जागा राहील की जाईल, हे आज सांगता येत नाही. त्यांना पुन्हा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठवा."

हजेरीपटावर मात्र आता जो आहे तो आहे आणि जो नाही तो नाही. येत्या रविवारी डाव आहे. शेजारच्या काकांनाही बसायला बोलावले आहे.