तीस लाख युआनची खुर्ची

चिनी फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष म्हणून निवड व्हायच्या आदल्या संध्याकाळी छन श्वीयुआनच्या खोलीवर दोन माणसं आली. दोघंही स्थानिक फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी. दोघांकडच्या पिशव्यांत प्रत्येकी तीन लाख युआन होते. काम असं काहीच नव्हतं; नव्या साहेबांशी संबंध चांगले राहावेत, एवढंच. ही 2019 मधली हकीकत छनने स्वतःच सांगितली. जानेवारी 2024 मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने भ्रष्टाचारविरोधी मोहिमेवर एक मालिका दाखवली, तिच्यात. तेव्हा तो कोठडीत होता.

त्याच भागात आणखी एक ओळखीचा चेहरा दिसला, ली तिए. चीनच्या राष्ट्रीय संघाचा माजी मिडफिल्डर आणि नंतर त्याच संघाचा प्रशिक्षक. प्रशिक्षकपद मिळावं म्हणून एकूण तीस लाख युआन पोचवले गेले, अशी कबुली त्याने दिली. वीस लाख छनला, दहा लाख सरचिटणीस लिऊ यीला. आपल्या रुपयांत साधारण साडेतीन कोटी. त्या वर्षी डिसेंबरात न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा सुनावली.

भ्रष्टाचाराची बातमी म्हटली तर यात नवल वाटावं असं फारसं काही नाही. मला नवल वाटतं ते या माणसाचं, कारण लबाडीने मिळालेली जागा आणि घाम गाळून मिळवलेली जागा यांतला फरक त्याच्याइतका जवळून फार थोड्यांनी पाहिला असेल.

ली तिए 1977चा, ल्याओनिंग प्रांतातल्या शनयांगचा. 1993 मध्ये जियानलीबाओ नावाच्या शीतपेय कंपनीच्या पैशावर चीनने वीसेक होतकरू पोरं ब्राझीलला शिकायला पाठवली. हा त्यातलाच एक. संघात त्याच्याहून चपळ, कसबी पोरं होती. याची ख्याती मेहनतीची. मैदानाच्या मधोमध धावत राहायचं, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावायचा, आपल्या चांगल्या खेळाडूकडे द्यायचा आणि पुन्हा धावायचं, असं त्याचं काम. या कामाला टाळ्या पडत नाहीत. 2002 मध्ये बोरा मिलुटिनोविचच्या मार्गदर्शनाखाली चीन पहिल्यांदा विश्वचषकात उतरला. कोस्टा रिका, ब्राझील, तुर्कस्तान असे तीन सामने, तिन्हींत हार, नऊ गोल खाल्ले, मारला एकही नाही. पण ली तिएकडे परदेशी क्लबांचं लक्ष गेलं होतं.

त्याच वर्षी तो इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबमध्ये गेला, आणि इथून गोष्ट खरी रंगते. एव्हर्टनच्या जर्सीवर तेव्हा केजियान या चिनी मोबाइल कंपनीचं नाव होतं. प्रायोजकासोबत दोन चिनी खेळाडू आले, ली तिए आणि ली वेफंग. साहजिकच कुजबुज झाली, की पोरं फुटबॉलसाठी आणलेली नाहीत, मोबाइल विकायला आणली आहेत. ली वेफंगच्या वाट्याला लीगमधला एकच सामना आला. ली तिए मात्र पहिल्या हंगामात प्रीमियर लीगचे 29 सामने खेळला, सोळा-सतरा वर्षांच्या वेन रूनीच्या बरोबरीने, आणि डेव्हिड मॉइझचा हा संघ सातवा आला. 1 जानेवारी 2003ला एव्हर्टन आणि मँचेस्टर सिटी भिडले. एकीकडे ली तिए, दुसरीकडे चीनचाच सुन जीहाय. चीनमध्ये तीस कोटींहून अधिक लोकांनी तो सामना पाहिला, असा त्या वेळचा अंदाज होता.

आत शिरायचं दार दोघांना एकच मिळालं होतं आणि ते प्रायोजकाच्या पैशानेच उघडलेलं होतं. पण दाराच्या आत मॉइझसारख्या कडक प्रशिक्षकासमोर प्रायोजकाचं काही चालत नव्हतं. दर आठवड्याला संघात नाव लागायचं ते सरावातल्या पायांवर. ‘हा वशिल्याचा’ हा संशय ली तिएने एकोणतीस वेळा पुसून टाकला. पुढे दुखापतींनी घात केला. एव्हर्टनकडून लीगचे एकूण 34 सामने झाले, शेफील्ड युनायटेडला गेला, मायदेशी परतला. पण त्या एका हंगामावर कोणाला बोट ठेवता आलं नाही.

आता प्रशिक्षकपदाकडे येऊ. नोव्हेंबर 2019 मध्ये सीरियाकडून हरल्यावर इटलीच्या मार्चेलो लिप्पीने राजीनामा दिला आणि जागा रिकामी झाली. ली तिएने 2018 मध्ये वुहानच्या क्लबला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून वर आणलं होतं. ग्वांगचौमध्ये तो लिप्पीचा सहायकही होता. म्हणजे उमेदवारी कच्ची नव्हती. कदाचित एक दमडी न देता ही खुर्ची त्याला मिळाली असती. कदाचित नसतीही. हे आता कोणालाच कळायचं नाही, आणि ‘कोणालाच’मध्ये तो स्वतः आला.

लाचेबद्दल बोलताना आपण घेणाऱ्याचा फायदा आणि जनतेचा तोटा मोजतो. देणाऱ्याचं काय जातं, याचा हिशेब ‘पैसे गेले’ एवढ्यावर संपतो. पण त्याचा खरा तोटा हा, की स्वतःची लायकी तपासायची संधी तो विकून टाकतो. दुधात पाणी पडल्यावर मूळचं दूध किती कसाचं होतं, ते सांगता येत नाही. ज्या माणसाने एव्हर्टनमध्ये संशय पुसला, त्याने सतरा वर्षांनी तोच संशय विकत घेतला, आणि तोही स्वतःच्या गुणांवर.

त्याच्या कबुलीनुसार ही सवय एकदम लागली नाही. 2015 मध्ये तो हबेई प्रांतातल्या क्लबचा प्रशिक्षक झाला, संघ वरच्या श्रेणीत गेला, आणि त्यासाठी सामने आधीच ‘ठरवले’ गेले. खेळाडू असताना त्याला अशा सामन्यांचीच चीड होती, असं तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला. खोटं नसावं. 2012 मध्ये त्याच्या राष्ट्रीय संघातले जुने सहकारी, गोलरक्षक जियांग जिन आणि मिडफिल्डर ची होंग, सामना विकल्याबद्दल तुरुंगात गेले. विश्वचषकात शिटी फुंकलेला पंच लू जूनही त्याच वर्षी गेला. उदाहरणं पुस्तकातली नव्हती, ड्रेसिंग रूममधली होती. तरीही तीन वर्षांत हा त्याच वाटेवर. शिक्षा पाहून माणूस शहाणा होतो, यावर माझा विश्वास इथे जरा डळमळतो. आजूबाजूला जे चालतं ते बघत माणूस मोठा होतो. शिक्षा झालेला सहकारी त्याला मूर्ख किंवा कमनशिबी वाटत असावा, दोषी नव्हे. त्या काळात फुटबॉलमध्ये हे सगळं सर्रास चालायचं, असंही ली तिए म्हणाला. हे वाक्य समजायला आपल्याला दुभाष्या लागत नाही.

त्या कबुलीबद्दल एक अस्वस्थता मात्र नोंदवायला हवी. मालिका दाखवली गेली तेव्हा त्याचा खटला उभाही राहिलेला नव्हता. सुनावणी मार्चमध्ये झाली. कोठडीतला माणूस, समोर सरकारी कॅमेरा, आणि घरोघरी रात्री टीव्हीपुढे बसलेले प्रेक्षक. अशा कबुलीत पश्चात्ताप किती आणि शिक्षा कमी होईल ही आशा किती, हे कसं ओळखायचं? ती खोटी होती, असं मी म्हणत नाही. पण बड्यांची धिंड बघताना आपल्याला जो आनंद होतो, त्याला न्यायाचं नाव देताना थोडं थांबावं. हे सारं चाललं असताना पदावर बसलेल्यांवर नजर कोणी ठेवायची होती, हा प्रश्न त्या आनंदात हमखास राहून जातो.

शिक्षांचं मोजमाप प्रत्येकाच्या गुन्ह्यांप्रमाणे वेगळं झालं. छनला जन्मठेप, लिऊ यीला अकरा वर्षं, ली तिएला वीस. त्याचं अपील एप्रिल 2025 मध्ये फेटाळलं गेलं.

यादीत ज्यांची नावं कुठेच नाहीत ते मला जास्त खुपतात. वुहानच्या क्लबने त्याच्या नेमणुकीसाठी पैसा लावला आणि बदल्यात वुहानचे खेळाडू राष्ट्रीय संघात घेतले गेले, असं तपासात पुढे आलं. त्यांच्यामुळे ज्या चौघा-पाच जणांना बोलावणं आलं नाही, ते कोण? कोणी तक्रार केली नसणार, कारण आपली जागा विकली गेली हे त्यांना कळलंच नसेल. सराव कमी पडला असं समजून ते दुसऱ्या दिवशी आणखी धावले असतील. आणि वुहानचा एखादा पोरगा खरोखरच लायक असेल, तर त्याला हे आता कुठे आणि कोणासमोर सिद्ध करता येणार?

वुहानचा क्लब 2023च्या जानेवारीत बंद झाला. हबेईचा त्याच वर्षी. ली तिए जिथून घडला तो ल्याओनिंगचा संघ 2020 मध्येच मोडला होता, आणि जिथे तो लिप्पीच्या हाताखाली शिकला तो ग्वांगचौचा क्लब 2025च्या सुरुवातीला. कारणं मुख्यतः कर्जं आणि थकलेले पगार. सगळं खापर लाचखोरीवर फोडणं बरोबर नाही. एव्हर्टन अजून खेळतो आहे.