पोटाएवढं

श्रावण लागला होता आणि मी अमेरिकेत गरवायला निघालो होतो. आमच्या वाडीत हे सांगितलं तेव्हा लोक दोनदा हसले. एकदा श्रावणात गरी धरली म्हणून, आणि दुसऱ्यांदा ती पैसे मोजून धरली म्हणून.

लेकीचं घर सिएटल शहराच्या बाजूला आहे. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं गेलो होतो. बायकांना काम होतं, मला काही नव्हतं. खिडकीत बसून पाऊस कधी येतो ते बघायचं, आणि तिथं उन्हाळ्यात पाऊस येतच नाही. जावयांना माझी दया आली असावी. म्हणाले, "बाबा, शनिवारी समुद्रावर जाऊ. सॅल्मनचा सीझन चालू आहे. बोटीवाले घेऊन जातात, गरी-दोरी सगळं तेच देतात."

आमची मंडळी पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "श्रावणात? खायचा नाही, तर मारायचा कशाला?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर बोटीत बसला आणि अजून उठलेला नाही.

वेस्टपोर्ट नावाचं बंदर सिएटलपासून मोटारीने अडीच तासांवर आहे. मध्यरात्र उलटल्यावर निघालो, उजाडायच्या आत बोट सुटली. दहा-बारा गिऱ्हाईकं, एक तांडेल आणि मदतीला विशीतली एक मुलगी. ऑगस्ट असून थंडी अशी की दात वाजत होते. खाडीचं तोंड ओलांडताना बोट उभी-आडवी झाली. आमची नदी शास्त्री नदीला मिळते आणि शास्त्री जयगडला समुद्रात जाते. नदीचं पाणी बाहेर ढकलतं, समुद्र आत ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात लाट उभी राहते. ते जगात सगळीकडे सारखंच.

वाटेत जावयांनी मला सॅल्मनची गोष्ट सांगितली. हा मासा डोंगरातल्या ओढ्यात, खडीच्या पोटात जन्मतो. कोहो नावाची त्याची एक जात आहे, ती वर्ष-दीड वर्ष ओढ्यात राहते, मग समुद्रात जाते, आणि तिसऱ्या वर्षी परत आपल्याच नदीत चढते. धबधबे उड्या मारून ओलांडते. वर जाऊन अंडी घालते आणि तिथंच मरते. म्हणजे आम्ही ज्याला गरी लावणार होतो तो माहेरी निघालेला मासा होता.

मी म्हटलं, "म्हणजे आमचे चढणीचेच मासे की हे."

कोकणातल्या माणसाला चढणीचे मासे सांगायला नकोत. इतरांसाठी सांगतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, पऱ्हे भरून वाहू लागले, की नदीतले मासे उलट्या धारेने वर येतात. पऱ्ह्यातून शेतात, एका कुणग्यातून दुसऱ्या कुणग्यात. पोटात गाबोळी भरलेली असते. अंडी घालायला येतात आणि माणसं तिथंच त्यांना धरतात.

बोट थांबली. मांदेलीच्या कुळातला बोटभर मासा आमिषाला लावून त्या मुलीने दोरी माझ्या हातात दिली. गळ बघितला तर त्याच्या टोकाजवळचा उलटा काटाच नव्हता. मी जावयांना म्हटलं, "या गळातून मासा सुटेल." ते म्हणाले, "सुटावा म्हणूनच आहे. कायदाच तसा आहे."

मग कायदा कळला. दरवर्षी सरकारी मंडळी मासे किती येणार याचा अंदाज बांधतात आणि त्यावर सीझनच्या तारखा ठरवतात. प्रत्येकाने परवाना काढायचा. माणशी दिवसाला दोन सॅल्मन. आणि कोहो असेल तर फक्त खूण केलेलाच ठेवायचा. पाठीवर शेपटीच्या अलीकडे या माशाला एक लहानसा मांसल पर असतो. हौदात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर लहानपणीच कापतात आणि मग त्यांना नदीत सोडतात. पर नसलेला मासा माणसाने वाढवलेला, तो घरी न्यायचा. पर असलेला नदीचा, तो सोडायचा. सोडायचा मासा बोटीत ओढून घ्यायलाही मनाई. बोटीच्या कडेला, पाण्यातच गळ काढायचा.

माझ्या गरीला पहिला लागला तो पर असलेला. काय ओढ होती त्याला! साठी उलटलेल्या माझ्या हातांना नांगराच्या मुठीची आठवण झाली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी ओरडलोसुद्धा. पाण्यातून चांदीची पट्टी वर आली. मुलीने वाकून बघितलं, आकड्याने गळ अलगद फिरवला, आणि मासा खाली गेला. त्याच्या ओठातून थोडं रक्त आलेलं मी पाहिलं.

दुसरा लागला तो पर कापलेला. तीनेक किलोचा असेल. त्याला जाळीने वर घेतला, मुलीने डोक्यावर दांडक्याचा एक फटका दिला, आणि संपला. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

परतताना मी गप्प होतो. जावयांना वाटलं, बोट लागली. पण माझ्या मनात आमच्या राखणेचा कोंबडा आला होता. पिल्लू असतानाच एखाद्याला देवाच्या नावाने ठेवतात. तो अंगणात इतरांसारखाच दाणे टिपत असतो. त्याचं ठरलेलं असतं, त्याला ठाऊक नसतं.

रात्री जेवण झाल्यावर मी बोललो. म्हटलं, "जावईबापू, राग मानू नका. दोघांचे मिळून जेवढे पैसे तुम्ही भरलेत तेवढ्यात आमच्या घरचे वर्षाचे तांदूळ झाले असते. ते सोडा, पैसे तुमचे. पण भुकेसाठी मारणं मला कळतं. कोळी मारतो, त्याचं घर त्यावर चालतं. पण करमणुकीसाठी एखाद्या जिवाच्या तोंडात लोखंड घालायचं, त्याची धडपड हातात चाखायची, आणि मग सोडून दिला म्हणून स्वतःला दयाळू म्हणायचं, हे मला पटत नाही. सोडलेला जगतोच याची काय खात्री?"

ते म्हणाले, "खात्री नाही. सोडलेल्यातले काही मरतात, ते सरकारही हिशेबात धरतं." मग जरा थांबून म्हणाले, "बाबा, एक विचारू? तुम्ही चढणीचे मासे पकडायचात ते फक्त भुकेसाठी?"

मी म्हटलं, "हो. गरिबी होती."

हे मी खोटं बोललो. पूर्ण खोटं नाही, पण निम्मं तरी. ते उरलेलं निम्मं आज इथं लिहितो.

चढणीच्या रात्री आम्ही पोरं इरली पांघरून, पेटत्या चुडी घेऊन निघायचो. हातात कोयते. गुडघाभर पाण्यात मासा वळवळला की घाव. खवले, शिंगटी, कधी हाताएवढी वाम. घरात चार माणसांना पुरतील एवढे पहिल्या घटकेतच व्हायचे. तरी आम्ही पहाटेपर्यंत हटायचो नाही. का? मजा यायची म्हणून. ओरडा, हसणं, कोणाची टोपली जड याची पैज. त्या रात्रीची आठवण निघाली की अजून माझ्या अंगावर रोमांच येतो, आणि ते काही कालवणाच्या चवीमुळे नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. मी विशीत होतो. वैशाखात नदी आटून कोंडाकोंडांत उरली होती. आमच्या खालच्या बाजूला एक खोल कोंड होता. जुनी माणसं गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकत, मासे गुंगून वर येत, लागतील तेवढे घेत. आम्ही चौघांनी ठेचण्याचे कष्ट वाचवले. भातावर मारायचं औषध उरलं होतं, ते कोंडात ओतलं.

अर्ध्या तासात कोंड पांढरा झाला. मोठे मासे आले, मग मधले, मग करंगळीएवढे, मग तांदळाच्या दाण्याएवढे. आम्ही दोन टोपल्या भरल्या. बाकीचे तसेच राहिले. औषधाने मेलेले खायचे कसे, ही भीती नंतर सुचली, आणि त्या दोन टोपल्याही आम्ही खड्ड्यात पुरल्या. दोन दिवस नदीच्या बाजूला नाक धरून जावं लागत होतं. गुरांना त्या पाण्यावर जाऊ द्यायचं नाही म्हणून वाडीने आठ दिवस राखण बसवली. कोणी केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कोणी नाही.

बोलले ते फक्त माझे वडील. मारलं नाही, ओरडले नाहीत. रात्री ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "पोटासाठी मारतोस ना? मग पोटाएवढंच मारायचंस."

पुढच्या मृगात आमच्या पऱ्ह्याला चढण जवळजवळ आलीच नाही. पुढे आली, पण पहिल्यासारखी कधीच नाही. त्याला दुसरीही कारणं असतील. पण माझ्या हिशेबात पहिलं कारण मी आहे.

तेव्हा आता सांगा, त्या बोटीवरच्या माणसांना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? ते मौज करायला आले होते आणि मौज करतो असं सांगत होते. आम्हीही मौजच केली आणि तिला भूक असं नाव दिलं. भूक हा मोठा शब्द आहे, त्याच्याआड बरंच काही लपतं. शेतकऱ्याने तर तो जपून वापरावा, कारण आमच्या तोंडी आला की कोणी उलट विचारत नाही.

म्हणून मी तिकडच्या लोकांना सरसकट शहाणं म्हणणार नाही. त्यांनीही आधी नद्या अडवल्या. कोलंबिया नदीवरच्या ग्रँड कूली धरणाने वरच्या अंगाचा सॅल्मनचा रस्ता कायमचा बंद केला. आता हौदात पिल्लं वाढवायची आणि पर कापून सोडायची, हे काही अंशी त्याचंच प्रायश्चित्त आहे. कॅलिफोर्नियात तर मासे इतके घटले की 2023 आणि 2024 अशी दोन वर्षं समुद्रात सॅल्मन धरायलाच बंदी होती. पण बंदी म्हटल्यावर बोटी धक्क्याला राहिल्या, हेही खरं. आणि एल्व्हा नावाच्या नदीवरची दोन जुनी धरणं त्यांनी 2011 ते 2014 मध्ये फोडून काढली. मासे परत वर चढू लागले.

त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची रीत मला जास्त जवळची वाटली. त्यांच्यातल्या बऱ्याच जमाती हंगामातला पहिला सॅल्मन सगळ्यांनी वाटून खातात आणि त्याची हाडं मानाने पुन्हा पाण्यात सोडतात. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात तसंच. पाण्याकडून घेतलं, तर पाण्याला सांगून घेतलं. आणि थांबायची अक्कल आपल्याकडेही होती. महाडच्या बाजूला काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा कोंड म्हणून तिथले मासे कोणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मोठमोठे मासे वर येऊन खातात. तिथं पहारा बसवावा लागला नाही, देवीचं नाव पुरलं. आमच्या कोंडाला देवी नव्हती. होते ते माझे वडील, आणि त्यांचं मी ऐकलं ते उशिरा.

माझ्यापुरतं मी असं ठरवलं. पुन्हा गरी धरणार नाही. त्या सोडलेल्या माशाचं रक्त मी पाहिलंय, आणि मौजेसाठी तेवढंही मला जड आहे. पण कोणी धरली तर त्याने का धरली हे मी विचारणार नाही. हौस आणि भूक माणसाच्या मनात अशी कालवलेली असते की त्याची त्यालाच निवडता येत नाही. मी एवढंच विचारेन, थांबणार कुठे?

आणि मंडळीच्या प्रश्नाला उत्तर? तो मासा श्रावण संपेपर्यंत लेकीच्या फ्रीजमध्ये राहिला. गणपती विसर्जनानंतर तिने त्याचं कोकम घालून कालवण केलं. मंडळी म्हणाली, चव बरी आहे, पण बांगड्याची सर नाही. मी दोन तुकडे खाल्ले. टाकला असता तर ते जास्त पाप झालं असतं.

परत आलो त्याच्या पुढच्या मृगात मी वाडीच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, चढणीचे पहिले आठ दिवस कोणी कोयता काढू नये, मग घ्या. तरण्या पोरांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, "काका, तुमच्या टायमाला तुम्ही खाल्लंत, आता आम्हाला नियम?" बैठक हसली. मीही हसलो, कारण तो खरं बोलत होता. ठराव झाला नाही.

माझ्या कुणग्याचा बांध मात्र मी त्या बाजूला कोयंडाभर फोडून ठेवला. म्हणजे पऱ्ह्यातून आत यायला वाट. रात्री पाऊस धरला तेव्हा बॅटरी घेऊन गेलो. बराच वेळ काही नाही. मग दोन खवले आले, वितीएवढे, पाठ पाण्याबाहेर काढून, वळवळत, भाताच्या रोपांत शिरले.

मी बॅटरी विझवली आणि पऱ्ह्याच्या वरच्या बाजूला उभा राहिलो. खालून चुडी येताना दिसत होत्या. पोरांचा ओरडा ऐकू येत होता. त्यात माझा नातूही होता. त्याला काय सांगायचं ते मी अजून जुळवतोय.