तक्त्यावरचे तारे आणि तंजावरचे छत्र

मे 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला आणि मनाचे श्लोक शाळेत हवेत की नकोत यावर आपण कडाडून भांडलो. पाठांतराने मूल सुधारते, असे एका बाजूचे म्हणणे. दुसऱ्या बाजूच्या एका विद्वानांनी परिसंवादात ठणकावले की, धाक न दाखवता मुलांना चांगले वागायला शिकवण्याचा विचार मराठीत कधी झालाच नाही, तो आता बाहेरून आणावा लागतो आहे. म्हणजे वर्गातला तो तक्ता : रांगेत नीट उभा राहिलास, एक तारा, डबा सांडला नाहीस, दुसरा.

विद्वानांच्या नकाशात तंजावर नसावे. तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1805 च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि 1806 साली ‘बाळबोध मुक्तावली’ छापली, म्हणजे मराठीतली इसापनीती. पुण्यात तेव्हा पेशवाई होती. हुकूम सोडणे ज्याच्या हातात, त्या राजाने पोरांपुढे कोल्हा-कावळा ठेवावा, याचे मला कौतुक आहे. राजे स्वतः श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले. तेव्हा आयात तिथेही होतीच, पण माल गोष्टींचा होता.

मात्र या कौतुकाला रूसो आडवा येतो, आणि त्याला सहज हुसकावता येत नाही. ‘एमिल’मध्ये (1762) त्याने हीच कोल्हा-कावळ्याची गोष्ट ओळ न् ओळ उसवली आहे. मोठ्यांना वाटते, मूल कावळ्याच्या फजितीतून शहाणे होईल; प्रत्यक्षात मूल कोल्ह्याच्या बाजूने जाते, कारण चीज त्याला मिळते. मुंगीच्या गोष्टीतून कष्ट शिकावेत, तर दारी आलेल्याला हाकलण्यातली मजा तेवढी कळते. कोणताही प्राथमिक शिक्षक हे कबूल करील. तात्पर्य फळ्यावर आणि शिकवण भलतीकडेच.

मग गोष्टही तक्त्याइतकीच लंगडी? सरफोजींची खरी शाळा मला छापखान्यात नव्हे, छत्रात, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत दिसते. 1801 मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांचा कारभार सांगितला आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला अन्न. वाटसरूंची पोरकी मुले पंतोजींच्या हवाली. त्यांना तीनदा जेवण आणि चार दिवसांतून एकदा अंगाला तेल. आजाऱ्याला वैद्य. अनोळखी माणसाशी कसे वागावे, हे त्या पोरांना कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती; त्यांच्याशीच कोणीतरी तसे वागत होते.

याचे सोने करू नये. शिजवलेले ज्यांना चालत नसे, त्यांना कोरडा शिधा मिळे. सोवळेही तिथे होते आणि पोरे तेही पाहत होती. घरच्या-दारच्या मोठ्यांचे वागणे मूल असे सरसकट उचलते, त्यातले चांगले तेवढे निवडत नाही.

ताऱ्यांचा निकाल तर 1973 मध्येच लागला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिले. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांचा चित्रांतला रस घटला.

तेव्हा पुढच्या पालकसभेत श्लोक की तारे, हा वाद घालू नका. शाळेतले मोठे शिपाईमामांशी आणि उशिरा आलेल्या मुलाशी कसे बोलतात, ते विचारा. मुलांचा अभ्यासक्रम तोच आहे.