देवाला कोणी घडविले?



गेल्या चातुर्मासातील गोष्ट. आमचे वडील मंदिराचे पुजारी. निरूपण तेच करतात. एके दिवशी त्यांस ताप आल्यामुळे ते काम आम्हांवर आले. विषय सृष्टीच्या उत्पत्तीचा होता. लहानपणापासून ऐकत आलेला मडक्याचा व कुंभाराचा दृष्टान्त आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला. मडके आहे तेथे कुंभार असलाच पाहिजे. मग एवढी ही जीवसृष्टी कर्त्यावाचून कशी होईल? मंडळींनी माना डोलावल्या, आरती झाली, प्रसाद घेऊन सर्व घरोघर गेले.

एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मात्र खांबापाशी उभा राहिला. लिंबायतकडचा, बाप खानदेशातून येथे यंत्रमागावर कामास आलेला. तो म्हणाला, "दादा, सगळं देवानं घडवलं, तर देवाला कोणी घडवलं?" जवळच बसलेले एक वृद्ध गृहस्थ रागावून म्हणाले, "गप्प बैस! असलं विचारू नये, पाप लागतं." मुलगा गप्प झाला, पण गेला नाही. आम्ही त्यास जवळ घेऊन हे का विचारतोस म्हणून पुसले. तो खाली पाहून म्हणाला, "माझी धाकटी बहीण तापानं गेली. देवाच्या वर जो असेल त्याला सांगायचं होतं."

आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तेव्हापासून जे वाचले व वडिलांकडून ऐकले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे पाप आहे काय ते पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे एकोणतिसावे सूक्त नासदीय सूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. ही सृष्टी कोठून आली, हे खरोखर कोण जाणतो, असे तेथे ऋषी विचारतात. देवही या सृष्टीनंतरचेच, असे म्हणतात. आणि परम आकाशात जो या सर्वांचा अध्यक्ष आहे, तो तरी हे जाणत असेल किंवा नसेलही, येथवर जाऊन थांबतात. ज्या प्रश्नास वेदांनी स्थान दिले, तो प्रश्न एका मुलाने विचारला तर त्यास पाप कसे म्हणावे?

आपल्या सुरतेस तर अशा विचारणेची परंपरा आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे शिक्षक होते. ते, दुर्गाराम मेहताजी व त्यांचे सहकारी यांनी 1844 साली याच नगरीत मानवधर्म सभा स्थापिली. मंत्रतंत्राची सामर्थ्ये सांगणाऱ्यांस त्यांनी उघड आव्हान दिले. पुढे 1849 मध्ये मुंबईस निघालेल्या परमहंस सभेतही दादोबा अग्रभागी होते. ही मंडळी नास्तिक नव्हती. एका ईश्वरावर त्यांची निष्ठा होती. परंतु विचारल्याने जो मोडतो तो धर्म नव्हे, ही खूणगाठ त्यांनी बांधली होती.

आता प्रश्नाकडे वळू. ज्यास त्यास कर्ता पाहिजे असे म्हटले, तर देवासही कर्ता पाहिजे, त्या कर्त्यासही दुसरा, आणि त्यास तिसरा. याला शेवट नाही. आपल्या तर्कशास्त्रात या दोषास अनवस्था म्हणतात. नैयायिक याचे उत्तर देतात की, जे उत्पन्न झाले त्यासच कर्ता लागतो. ईश्वर नित्य आहे, तो उत्पन्न झालाच नाही, म्हणून त्यास कर्ता नको. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या अस्तित्वाची मोठी बुद्धिमान मांडणी केली आहे. परंतु प्रतिपक्षी लगेच विचारतो की, एक वस्तू कर्त्यावाचून नित्य असू शकते, तर ती वस्तू जगच का नसावी?

हा प्रतिपक्षी कोणी परका नव्हे. वेदांस सर्वस्वी प्रमाण मानणारे मीमांसक कुमारिलभट्ट जगत्कर्ता मानीत नाहीत. सांख्यांची प्रकृती कोणी घडवीत नाही. ती स्वतःच परिणाम पावते. आणि गोपीपुऱ्यातील आपले जैन शेजारी विश्व अनादी मानतात, त्यास निर्माता मानीत नाहीत. तरी मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकतात. तात्पर्य, निर्माता मानला नाही तर जीवाविषयीचा आदर नाहीसा होतो, हे म्हणणे खरे नाही.

भौतिक शास्त्राचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे मानतात, आणि निदान 350 कोटी वर्षांपूर्वी येथे सूक्ष्म जीव होते. 1952 साली अमेरिकेत शिकागो येथे स्टॅन्ले मिलर या तरुण संशोधकाने आपले गुरू हॅरल्ड युरे यांच्या मार्गदर्शनाखाली एक प्रयोग केला. काचेच्या पात्रात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन घेऊन त्यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. थोड्याच दिवसांत पाण्यात अमिनो आम्ले तयार झालेली आढळली. आपल्या शरीरातील प्रथिने ज्यांची बनतात ती हीच द्रव्ये. यावरून जीव तयार झाला असे नव्हे. विटा मिळाल्या म्हणजे घर उभे राहत नाही, आणि पहिली सजीव पेशी कशी उभी राहिली याचा उलगडा शास्त्रास अद्याप पूर्ण झालेला नाही. तरीही त्या अपुऱ्या जागेत देवाला बसविण्याची घाई आपण करू नये. अशा देवाला प्रत्येक नव्या शोधाबरोबर बिऱ्हाड हलवावे लागेल.

मग आपण काय मानावे? दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व हकीकत वडिलांस सांगितली. ते अंथरुणावरूनच म्हणाले, "तू त्याला कुंभार दाखवलास, म्हणून त्यानं कुंभारावर फिर्याद आणली. चूक त्याची नाही." मग त्यांनी आम्हांस छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय काढावयास सांगितला.

बारा वर्षे अध्ययन करून चोविसाव्या वर्षी श्वेतकेतू घरी आला, तो विद्येचा ताठा घेऊन. पिता उद्दालक त्यास वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास सांगतो, मग आतील बारीक बी फोडावयास सांगतो. आत काय दिसते? काहीच नाही, असे पुत्र म्हणतो. पिता सांगतो की, जे तुला दिसत नाही त्याच सूक्ष्मातून हा एवढा वड उभा आहे. तेच सर्वांचा आत्मा, आणि तेच तू आहेस.

येथे कुंभार नाही. कुंभार मडक्याच्या बाहेर उभा असतो, मडके विकतो, फोडतो, विसरतो. वेदान्ताचा ईश्वर मडक्यातील मातीप्रमाणे आहे. कोळी जसा आपल्याच अंगातून तंतू काढतो, तसे हे जग त्यातूनच आहे. मातीही कोठून तरी येते, हे खरे. दृष्टान्त एकदेशीच असतात. परंतु एवढे ध्यानी यावे की, कोणी घडविले हा प्रश्न वस्तूंस लागू पडतो. ज्याच्या असण्याने सर्व वस्तू आहेत, त्यास तो लावता येत नाही. म्हणून देवाच्या वर कोणी नाही. पण त्याचबरोबर देवही वर कोठे बसलेला नाही.

ब्रह्मसूत्रांतही ईश्वरावर विषमतेचा व निर्दयतेचा आक्षेप घेतला आहे, आणि जीवांच्या कर्माकडे बोट दाखवून त्याचे निरसन केले आहे. सभेत ते सांगणे योग्यच. परंतु चिमुकल्या बहिणीसाठी रडणाऱ्या भावास ते सांगावयास आमची जीभ रेटली नाही, आणि वडिलांनीही ते सांगू दिले नाही. बरे वाटताच ते आम्हांस घेऊन त्या घरी गेले. एका खोलीत पाच माणसे. कोपऱ्यात लहानसा पाळणा तसाच टांगलेला. वडिलांनी कसलेही निरूपण केले नाही. मुलीचे नाव विचारले, ती काय काय बोलू लागली होती ते विचारले, आणि आईबाप सांगत राहिले तितका वेळ ऐकत बसले. निघताना मुलास जवळ घेऊन एवढेच म्हणाले, "बाळ, देवाच्या वर कोणी नाही. पण तुझी फिर्याद पोहोचली आहे. तू रडतोस तिथंच तो आहे."

एवढ्याने त्याचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. आमचेही पूर्ण झालेले नाही. पण एक गोष्ट आम्हांस कळली. सर्व मडकी एकाच मातीची असतील, तर लिंबायतच्या खोलीतील ताप हा आपल्याच घरातील ताप आहे. तेथे वेळेवर वैद्य पोहोचविणे हीसुद्धा ईश्वराची उपासनाच आहे. जीव कोणी निर्माण केला याविषयी पंडितांत मतभेद राहोत. तो जपावयाचा कोणी, याविषयी मतभेद नसावा.

तो मुलगा अजून निरूपणास येतो, आणि अजून प्रश्न विचारतो. सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच की, त्यास कोणी गप्प बसवू नये.

शुभं भवतु.